लठ्ठ मूल खोकल्यासाठी आलंय: ओपीडीतल्या पाच मिनिटांत काय मोजायचं, काय विचारायचं, काय सांगायचं?

शिकाऊ_बालरोग

नमस्कार मंडळी. बालरोगशास्त्राच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचं माझं दुसरं वर्ष सुरू आहे. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून मांडतो.

वॉर्डात तीव्र कुपोषित मूल आणि खाली ओपीडीत नऊ वर्षांचं ४२ किलोचं मूल, हे चित्र आता राज्यात कुठेही दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं खुजी निघाली. त्याच पाहणीत देशातल्या अतिवजनी बालकांचं प्रमाण २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं. कुपोषणाचा उपचार आम्हाला पायरीपायरीने शिकवतात: एफ-७५ हे उपचाराचं दूध किती मिली, किती तासांनी, त्याहून दाट एफ-१०० वर कधी न्यायचं. लठ्ठपणाच्या केसपेपरवर मात्र 'आहार व व्यायामाचा सल्ला दिला' एवढी एकच ओळ असते. तो सल्ला नेमका काय दिला, हे ना पालकांना आठवतं, ना पुढच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरला कळतं.

त्यातून मूल लठ्ठपणासाठी आलेलंच नसतं. खोकला किंवा पोटदुखी असते, नाहीतर शाळेसाठी दाखला हवा असतो. मागे चाळीस जणांची रांग. अशा वेळी

कुठली मोजमापं चुकवायचीच नाहीत? कुणाच्या रक्ततपासण्या करायच्या, कुणाच्या नाहीत? घरच्यांना न दुखावता विषय कसा काढायचा? आणि आहाराबद्दल अशी कुठली गोष्ट सांगायची, जी ते खरंच करतील?

वाढीची_रेघ

डॉक्टर, आधी मोजमापाचं बोलू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

उंची मोजताना बूट-मोजे काढलेले, टाचा, नितंब आणि खांदे मागे टेकलेले, डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. मुलींची पोनी, अंबाडा सोडायला लावा. तुमचं ४२ किलोचं मूल १३४ सेंमी असेल तर बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३.४ येतो. घाईत १३२ लिहिलं की तोच २४.१ होतो. तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणी उंची नीट मोजली, तर काहीही न बदलता 'सुधारणा' दिसते आणि सगळे खूश होतात. वजनकाटा आठवड्यातून एकदा तरी माहीत असलेल्या वजनाने तपासून घ्या.

मग आकडा तक्त्यावर टिंबाने मांडायचा. पाच वर्षांखाली जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते: उंचीच्या मानाने वजन +२ एसडीच्या (सरासरीपासून दोन प्रमाणित विचलनांच्या) वर अतिवजन, +३ च्या वर लठ्ठ. पाच ते अठरा वर्षांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते. त्यात बीएमआयच्या दोन रेषा ठळक आहेत, '२३' (तिच्यावर अतिवजन) आणि '२७' (तिच्यावर लठ्ठ). मूल ज्या रेषेवर आहे तिच्यावरूनच चालत राहिलं, तर अठराव्या वर्षी त्याचा बीएमआय किती असेल, ते या आकड्यांतून कळतं. पाश्चात्त्यांचे २५ आणि ३० आपण घेत नाही, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या मुलांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००३ साली हे नवजात बाळांत दाखवलं. पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो, तरी आपल्या बाळांची त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून जन्मवजन विचारायला विसरू नका. कमी वजनाचं जन्मलेलं आणि पहिल्या दोन वर्षांत 'भरून काढायचं' म्हणून भरमसाट खाऊ घातलेलं मूल पुढे लठ्ठपणाकडे आणि मधुमेहाकडे झुकतं. वॉर्डातलं तुमचं कुपोषित मूल आणि ओपीडीतलं हे मूल एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. वॉर्डातून घरी सोडताना 'भरपूर तूप-साखर घाला' असं मोघम सांगितलं, तर दुसऱ्या टोकाची पायाभरणी आपणच करतो.

आता सगळ्यात कामाची खूण. आहारामुळे लठ्ठ झालेलं मूल वयाच्या मानाने बहुधा उंच असतं. मूल लठ्ठ आहे पण बुटकं आहे, किंवा वर्षभरात उंचीची रेघ आडवी झाली आहे, तर थांबा. थायरॉइड, कुशिंग (अंगात स्टिरॉइड जास्त होणं), वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, यांचा विचार तिथे करायचा. तान्हेपणी अंग लुळं, दूध ओढता येत नव्हतं आणि नंतर अनावर भूक, हातपाय लहान असा इतिहास असेल तर प्रॅडर-विली हा जनुकीय आजार. पाचच्या आत प्रचंड लठ्ठपणा आणि भूक थांबतच नाही, तर जनुकीय कारणं शोधणाऱ्या केंद्राकडे पाठवा.

खोकल्यासाठी शर्ट वर केलाच आहे, तर आणखी चार गोष्टी तिथेच बघून होतात. मानेच्या मागे आणि काखेत काळपट, मखमली, जाडसर कातडी आहे का? घरचे तिला मळ समजून घासत असतात, मूल रोज बोलणी खात असतं. तो मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण आहे, हे मुलासमोर स्पष्ट सांगा. घसा बघताना टॉन्सिल किती मोठे आहेत ते बघा आणि झोपेत घोरतो का, श्वास अडकतो का ते विचारा. यकृत चाचपा. चालताना पाय फेंगडे पडतात का, ते दारातून आत येतानाच दिसतं.

आणि रक्तदाब. इथे चूक हमखास होते, कारण टेबलावर एकच कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) असतो. दंडाच्या मध्याचा घेर मोजा. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी घेराच्या किमान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा खोटाच चढा येतो. पाच मिनिटं शांत बसवून, उजव्या दंडावर, पाठ टेकलेली आणि पाय जमिनीला. तेरा वर्षांपुढे १३०/८० म्हणजे उच्च रक्तदाब. त्याआधी वय, लिंग आणि उंचीचा तक्ता. एका मापावर शिक्का मारू नका, तीन वेगवेगळ्या भेटी लागतात.

तपासण्या: '२७' च्या वरचं मूल, किंवा '२३' च्या वर असून मान काळी, रक्तदाब चढा, आईवडिलांना मधुमेह यांपैकी काही असेल, आणि वय दहाच्या आसपास किंवा वयात येणं सुरू झालेलं. एवढ्यांचीच उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज), लिपिड (रक्तातली चरबी) आणि एएलटी (यकृताची तपासणी). उपाशी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी. फक्त लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटी चढी येते आणि आपल्याकडे लठ्ठ मुलांतही रक्त कमी असतंच, म्हणून हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय त्या आकड्यावर बोलू नका. एएलटीची छापील मर्यादा प्रौढांची असते. मुलांत मुलग्यांना २६ आणि मुलींना २२ च्या वर गेलं की लक्ष ठेवायचं, ८० च्या वर गेलं तर थांबून राहायचं नाही.

सरसकट सोनोग्राफी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन नको. 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असा कागद हातात आला की घरात भीती शिरते, उपचारात तसूभर फरक पडत नाही.

तालुका_ओपीडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एक भर घालतो: औषधांची पिशवी मागा. चिठ्ठी नाही, पिशवीच.

तिच्यात बऱ्याचदा 'भूक वाढवायचं टॉनिक' सापडतं. लेबलवर सायप्रोहेप्टाडिन वाचा. हे मुळात ॲलर्जीचं औषध, भूक वाढते म्हणून दिलं जातं. बारीक होता तेव्हा कुणीतरी महिनाभरासाठी लिहिलेलं असतं आणि दुकानातून वर्षभर येत राहतं. दुसरी बाटली जास्त धोक्याची: बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. सर्दी-दम्यासाठी थेंब लगेच लागू पडतात म्हणून घरचे स्वतःहून देत राहतात. गाल चंद्रासारखे गोल, खांद्यांमागे चरबीचा उंचवटा, पोटावर जांभळट चरे आणि उंची थांबलेली असं मूल दिसलं तर आधी याचाच तपास करा.

हे औषध त्याच दिवशी बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मुलाची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची, कॉर्टिसॉल हे नैसर्गिक स्टिरॉइड बनवणारी) झोपलेली असते. एकदम बंद केलं आणि मुलाला ताप-उलट्या झाल्या की रक्तदाब आणि साखर दोन्ही कोसळतात. डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा, सकाळचं कॉर्टिसॉल बघायचं आणि आजारपणात स्टिरॉइड वाढवून द्यावं लागतं हे कागदावर लिहून द्यायचं. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट किंवा वागणुकीसाठी रिस्पेरिडोन सुरू असेल तर तेही वजन वाढवतं. तिथे औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, परस्पर बदलू नका.

विषय कसा काढायचा ते. 'लठ्ठ', 'जाडा' हे शब्द मुलासमोर नकोत. तक्ता आईसमोर धरा आणि बोट ठेवून दाखवा: "ताई, ही उंचीची रेघ छान चाललीय. ही वजनाची मात्र उंचीला सोडून पुढे पळतेय. यावर आज दोन मिनिटं बोलू या का?" परवानगी विचारली की बहुतेक जण हो म्हणतात. सोबत आजी असेल तर पहिलं वाक्य आजीशीच. नातवाला गुटगुटीत ठेवणं हे त्यांनी जिवापाड केलेलं काम असतं, त्याला चूक म्हटलंत की पुढचं काही ऐकलं जाणार नाही. "आजी, तुमच्या हातचंच खायचंय त्याने, पुड्यातलं नको" हे त्यांना पटतं आणि त्या ते नेटाने पाळायला लावतात.

ताट_वाटी_चमचा

आहारतज्ज्ञ म्हणून लिहिते. 'काय खातो?' असं विचारलंत तर 'काहीच खात नाही हो' हेच उत्तर मिळणार. काल सकाळपासून घड्याळ धरून विचारा. उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय गेलं? शाळेच्या गाडीत? मधल्या सुट्टीत? शिकवणीहून येताना हातात पैसे होते का? टीव्हीसमोर? झोपताना? आणि घरात वाटी-चमचा कुठल्या मापाचा आहे ते हाताने दाखवायला सांगा.

वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर पिण्यापासून सुरुवात करा. पिण्यातल्या कॅलरींनी पोट भरत नाही आणि त्या कमी केल्या तर ताटातलं काही काढून घेतल्यासारखं मुलाला वाटत नाही. २०० मिली कोलामध्ये २१ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे पाच सपाट चमचे. डब्याबंद 'फळांच्या' पेयांचं फारसं वेगळं नाही. अकॅडमीची मर्यादा अशी: दोन वर्षांखाली रस आणि गोड पेयं अजिबात नाहीत, दोन ते पाच वर्षांत रस दिवसाला फार तर १२५ मिली, पुढे २५० मिली. हा वरचा आकडा आहे, रोज तेवढं द्यायलाच हवं असं नव्हे. फळ चावून खाऊ द्या.

दूध हा आपल्याकडचा अवघड विषय. म्हशीच्या दुधात १०० मिलीमागे साधारण १०० कॅलरी. नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १७०० कॅलरींच्या आसपास असते. दिवसभरात लिटरभर दूध गेलं तर निम्म्याहून जास्त गरज तिथेच संपली, आणि लोह जवळजवळ शून्य. म्हणून रक्त कमी आणि वजन जास्त अशी जोडी दिसते. दोन कप, म्हणजे ४०० मिली पुरे. दोन वर्षांपुढच्या लठ्ठ मुलाला टोन्ड दूध चालतं, त्यात १०० मिलीमागे ६० च्या जवळपास कॅलरी असतात. दोन वर्षांखाली मात्र साय काढू नका. दुधात घालायच्या पावडरीत साखर असतेच, वर घरातली साखर पडते. एकदम बंद केली तर दूधच सुटतं, म्हणून दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा.

दुसऱ्या भेटीला तेल. 'तेल कमी वापरा' निरुपयोगी आहे. महिन्याला किती पिशव्या येतात ते विचारा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, चार माणसांना दोन लिटर, एवढं धरून चाला. उत्तर चार-पाच लिटर आलं तर दोष एकट्या मुलाच्या खाण्यात नाही. आणि तिथेच माझा सगळ्यात मोठा आग्रह: लठ्ठ मुलासाठी वेगळं ताट करू नका. भावाला पुरी आणि याला फुलका दिला, की मूल चोरून खायला शिकतं. बदल सगळ्या घराला.

ताट वाढून द्या, पातेली जेवायच्या जागी आणू नका. दुसऱ्यांदा मागितलं तर आधी उसळ किंवा भाजी, दहा मिनिटांनी अजून भूक असेल तर पोळी. डब्यात जॅम-ब्रेडऐवजी पोळी-भाजी, थालीपीठ, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, भाजलेले शेंगदाणे मूठभर. साबुदाण्याची खिचडी 'उपासाची' म्हणून हलकी समजतात; ती स्टार्च, दाण्याचा कूट आणि तूप आहे. ग्लुकोज बिस्किटांत जवळपास चौथा हिस्सा साखर असते. पुडा आजारपणात चालतो, रोजच्या चहासोबत नको. गूळ आणि मध घातला तरी ती साखरच. न्याहारी बंद करणं, रात्रीचं जेवण तोडणं, प्रौढांचे कीटोसारखे प्रकार, हे वाढत्या मुलात करायचं नाही.

तान्ह्या बाळांबद्दलही एक: मोबाइल दाखवून भरवलेलं बाळ पोट भरल्याची जाणीवच विसरतं. तोंड फिरवलं की थांबायचं.

शाळा_आरोग्य

शाळेच्या बाजूने थोडं. पाच ते सतरा वर्षांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, पण एकदम तासभर सांगितलंत तर चौथ्या दिवशी गुडघे दुखतात आणि सगळं थांबतं. पहिले दोन आठवडे १५ मिनिटं, दिवसातून दोनदा. दोरीच्या उड्या सुरुवातीला नकोत, सगळा भार गुडघ्यांवर येतो. चालणं, सायकल, पोहणं, लगोरी, लपाछपी, जिने. पळताना दम लागून खोकला येत असेल तर आधी दमा तपासा; अशी मुलं 'आळशी' ठरतात आणि त्यांना पंपाची गरज असते.

वर्गासमोर वजनं पुकारू नका, हे शाळेला लिहून द्या. पडद्याआड मोजा, कागद बंद पाकिटात घरी पाठवा. वजनावरून चिडवलेलं मूल मैदानावर यायचं सोडतं आणि खेळाचा तासच बुडतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर आणि मेद असलेले पदार्थ विकायला मनाई आहे. पालक-शिक्षक संघाने हा नियम मुख्याध्यापकांसमोर ठेवला तर उपाहारगृहाची यादी बदलता येते. डॉक्टरांच्या सहीचं एक पत्र सोबत असेल तर काम सोपं होतं.

शिकाऊ_बालरोग

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, मॅडम, तीन अडचणी उरतात. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ७ आलं की पालक थायरॉइडची गोळी मागतात. 'लिंग लहान आहे' म्हणून मुलग्यांना घेऊन येतात. आणि वजन किती उतरवायचं, औषध कधी द्यायचं?

वाढीची_रेघ

टीएसएच ५ ते १० आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) नॉर्मल, उंची व्यवस्थित वाढतेय: हे बहुतेकदा लठ्ठपणामुळे होतं, लठ्ठपणाचं कारण नसतं. वजन आटोक्यात आलं की खाली येतं. थायरॉइडविरोधी अँटिबॉडी बघा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. १० च्या वर किंवा टी-४ कमी असेल तर गोळी.

लिंगाचं: मोजताना पट्टी जांघेच्या हाडापर्यंत चरबी दाबून टेकवा आणि लिंग ताणून टोकापर्यंतचं माप घ्या. बहुतेक वेळा लांबी वयाप्रमाणेच असते, चरबीत बुडालेली असते. वडिलांना आणि मुलाला हे माप दाखवा, दोघांचाही मोठा भार उतरतो. अंडकोष खाली उतरलेले आहेत ना, तेवढं नक्की बघा. माप खरंच कमी असेल तर मात्र संप्रेरकतज्ज्ञ.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हे चुकवू नका. दहा ते पंधरा वर्षांचं लठ्ठ मूल गुडघा दुखतो म्हणत लंगडत आलं तर खुबा तपासा. मांडी पोटाकडे दुमडताना पाय आपोआप बाहेर वळत असेल तर मांडीच्या हाडाचं डोकं घसरलेलं असू शकतं. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो आणि वेळ जातो. दोन्ही खुब्यांचा समोरून आणि बेडकासारखे पाय करून एक्स-रे, चालणं तात्काळ बंद, त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ. डोकेदुखी आणि धूसर दिसणं असेल तर डोळ्याचा पडदा बघून घ्या.

वजनाचं: तुमच्या मुलाचं ४२ किलो वर्षभर तसंच राहिलं आणि उंची साडेपाच सेंमी वाढली, तर बीएमआय २३.४ वरून २१.६ वर येतो, एकही किलो न उतरवता. पालकांना हा हिशेब कागदावर करून द्या. '२७' च्या बऱ्याच वर असलेल्या मोठ्या मुलात महिन्याला अर्धा किलो उतरला तर चांगलं. आठवड्याला किलोहून जास्त उतरत असेल तर मूल उपाशी राहतंय का, उलट्या काढतंय का ते एकट्याशी बोलून विचारा.

मेटफॉर्मिन दहा वर्षांपुढच्या टाइप २ मधुमेहासाठी आहे, वजनाची गोळी म्हणून नव्हे. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइडला अमेरिकेत बारा वर्षांपुढे मान्यता मिळाली आहे, २०२० आणि २०२२ साली. ती संप्रेरकतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आहार आणि हालचालीतले बदल सुरू असताना द्यायची; ओपीडीत पहिल्या भेटीला तो विषय नको.

पुढची भेट चार आठवड्यांनी, त्याच काट्यावर, शक्यतो त्याच डॉक्टरकडे. केसपेपरवर 'आहाराचा सल्ला' न लिहिता ठरलेली एकच गोष्ट आकड्यासह लिहा: 'दूध १ लिटरवरून ४०० मिली, पावडर अर्धा चमचा कमी.' पुढच्या वेळी कुणीही निवासी डॉक्टर असला तरी पहिला प्रश्न त्याच ओळीवरून विचारेल. ते जमलं असेल तरच दुसरी गोष्ट द्या, नसेल तर कुठे अडलं ते विचारून तीच छोटी करा.